एक डोस, वेळेवर: मूत्रमार्गाच्या ऑपरेशनआधी रुग्णाने काय पाहावं, काय विचारावं

मूत्रमार्गाचं ऑपरेशन इतर बऱ्याच ऑपरेशनांपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळं आहे. गुडघा उघडताना सर्जन कातडी औषधानं पुसून घेतो आणि जंतूंना बाहेरच थोपवतो. मुतखड्याच्या किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनात दुर्बीण शिरते ती लघवीच्या वाटेनं, आणि ही वाट पूर्णपणे निर्जंतुक कधीच करता येत नाही. शिवाय आतलं स्वच्छ दिसावं म्हणून दुर्बिणीतून सतत सलाईन सोडावं लागतं. त्या पाण्याचा दाब मूत्रपिंडात वाढला आणि तिथल्या लघवीत किंवा खड्यात जंतू दडलेले असले, तर ते थेट रक्तात ढकलले जातात. ऑपरेशन उत्तम होतं, खडा पूर्ण निघतो आणि त्याच रात्री रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

म्हणून यातल्या अनेक ऑपरेशनांना अँटिबायोटिक लागतं. प्रश्न आहे तो कोणतं, केव्हा आणि किती वेळ, हा. त्याची उत्तरं बऱ्यापैकी पक्की आहेत. युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजी दरवर्षी आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढते, अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनचीही आहेत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं म्हणजे आयसीएमआरनंही अँटिबायोटिकच्या वापराबद्दल मार्गदर्शिका दिल्या आहेत. तपशिलात फरक आहेत, पण गाभा सारखाच आहे. ऑपरेशनआधी लघवीत जंतू आहेत का ते पाहा, असले तर त्यांना लागू पडणारं औषध द्या, गरज असलेल्या ऑपरेशनात सुरुवातीच्या आधी एक डोस द्या आणि ऑपरेशन झालं की थांबा. आपल्याकडे यातली पहिली पायरी पुष्कळदा घाईघाईत उरकली जाते आणि शेवटची अनेकदा पाळलीच जात नाही. या दोन्ही ठिकाणी रुग्ण आणि त्याच्या घरच्यांना बरंच काही करता येतं.

कल्चरचा कागद

ऑपरेशनची तारीख ठरली की तपासण्यांची एक यादी हातात पडते. त्यात लघवीच्या दोन तपासण्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. ‘युरिन रुटीन’चा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. त्यात पस सेल्स, साखर, प्रथिनं दिसतात. ‘युरिन कल्चर’मध्ये लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात, ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाला दबतात हे तपासतात. त्याला दोन ते तीन दिवस लागतात. संसर्ग टाळण्याच्या दृष्टीनं खरा कामाचा कागद हा दुसरा. रुटीनमध्ये पस सेल्स दिसल्या म्हणजे संसर्ग आहेच असं नाही, कारण मुतखडा किंवा स्टेंट (मूत्रवाहिनीत घातलेली बारीक नळी) नुसता घासूनही पस सेल्स वाढतात. तेवढ्यावरून ‘इन्फेक्शन आहे, पाच दिवस गोळ्या घ्या’ असं कोणी सांगितलं, तर कल्चर केलं का, हे आवर्जून विचारा.

कल्चर किती खरं निघेल हे नमुना कसा घेतला यावर अवलंबून असतं, आणि तो रुग्ण स्वतः घेतो. लॅबच्या खिडकीतून डबी मिळते, सूचना मात्र क्वचित मिळते. तेव्हा इथे जरा सविस्तर सांगतो. आधी हात धुवा. स्त्रियांनी जागा साध्या पाण्यानं पुढून मागे अशी धुवावी. पुरुषांनी कातडी मागे सारून धुवावं. सुरुवातीची थोडी लघवी बाहेर जाऊ द्या, मधली धार डबीत घ्या, उरलेली पुन्हा बाहेर. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. घरून धुतलेली औषधाची बाटली चालत नाही, लॅबची निर्जंतुक डबीच हवी. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या लॅबला नमुने जातात तिथे, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, ही गोष्ट निर्णायक ठरते. उन्हात तीन-चार तास राहिलेल्या डबीत मूठभर जंतूंचे लाखो होतात आणि निरोगी माणसाच्या रिपोर्टवर संसर्गाचा शिक्का बसतो. रिपोर्टमध्ये ‘मिश्र वाढ’ किंवा अनेक प्रकारचे जंतू असं लिहून आलं, तर बहुधा नमुना बिघडलेला असतो. त्यावर औषध घेण्यापेक्षा नमुना पुन्हा द्या.

आणखी एक पथ्य: कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा. आधी मेडिकलमधून गोळ्या, मग तपासणी, असा उलटा क्रम झाला तर जंतू अर्धवट दबतात, कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून रुग्ण टेबलावर जातो. गेल्या काही महिन्यांत कोणतंही अँटिबायोटिक घेतलं असेल, मग ते दातासाठी असो की खोकल्यासाठी, त्याचं नाव डॉक्टरांना सांगा. नाव आठवत नसेल तर रिकामी पट्टी न्या. ज्या औषधाचा मारा शरीरातल्या जंतूंनी नुकताच सोसलेला असतो, तेच औषध ऑपरेशनच्या वेळी निकामी ठरण्याची शक्यता जास्त असते.

कल्चर ऑपरेशनच्या साधारण आठवडाभर आधीचं असावं. दोन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे म्हणून चालवून घेऊ नका. त्यात जंतू निघाले, तर कुठलीही तक्रार नसली तरी, दुर्बिणीनं आतल्या अस्तराला धक्का लागणार असेल अशा ऑपरेशनआधी त्यावर नेमकं औषध द्यावं लागतं. यासाठीसुद्धा लांबलचक कोर्स लागतोच असं नाही, पुष्कळांना ऑपरेशनच्या जरा आधी सुरू केलेले एक-दोन डोस पुरतात. किती, ते डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण यावरून घरोघरी गोंधळ होतो. लघवीत जंतू आहेत पण जळजळ, ताप, वेदना काहीच नाही, ही अवस्था मधुमेही स्त्रियांत आणि वृद्धांत फार आढळते. ऑपरेशन ठरलेलं नसेल तर तिला औषधाची गरज नसते. औषध दिल्यानं फायदा होत नाही, उलट पुढच्या वेळी जास्त चिवट जंतू वाट पाहत बसतात. गरोदर स्त्री आणि मूत्रमार्गावर ऑपरेशन होणारा रुग्ण हे दोन मोठे अपवाद. म्हणजे आजीच्या वार्षिक तपासणीत निघालेल्या जंतूंकडे डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असेल तर ते बरोबर केलं, आणि त्याच आजीच्या मुतखड्याच्या ऑपरेशनआधी त्यांनी औषध दिलं तर तेही बरोबरच.

खडा अडकलेला आहे आणि ताप आहे, हा प्रसंग वेगळा आणि धोक्याचा. तिथे तुंबलेल्या मूत्रपिंडातली लघवी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून आधी मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात, आणि खडा काढायचं काम ताप उतरून संसर्ग आवाक्यात आल्यावर करतात. ‘भूल दिलीच आहे तर खडाही काढून टाका, दोनदा खर्च नको’ असा आग्रह नातेवाईक धरतात. तो कृपा करून धरू नका. अशा वेळी खड्याला हात लावल्यानं माणूस दगावू शकतो.

टेबलावरचा तो एक तास

प्रतिबंधक अँटिबायोटिकचं काम म्हणजे जंतू ऊतींमध्ये शिरतील त्या क्षणी तिथे हजर असणं. कोकणात शाकारणी पाऊस पडायच्या आधी करतात, तसंच हे आहे. १९६१ साली बोस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क यांनी गिनी पिगवरच्या प्रयोगांतून दाखवलं की औषध जंतूंच्या आधी किंवा बरोबर पोचलं तर पुरेपूर काम करतं, आणि जंतू शिरून तीन तास उलटल्यावर दिलं तर त्या जखमेपुरता त्याचा काही उपयोग उरत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ऑपरेशनांच्या या रुग्णांपैकी ज्यांना चिरा देण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळाला, त्यांच्यात जखमेचा संसर्ग ०.६ टक्के होता. त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के, आणि चिरा दिल्यावर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत ३.३ टक्के. औषध तेच, फरक फक्त घड्याळाचा.

नेहमीच्या सेफॅझोलिनसारख्या इंजेक्शनांसाठी ऑपरेशन सुरू होण्याआधीचा एक तास हा ठरलेला काळ आहे. व्हॅन्कोमायसिनसारखी काही औषधं हळूहळू सोडावी लागतात, ती दोन तास आधी सुरू करतात. वॉर्डात सकाळी सहाला इंजेक्शन दिलं, थिएटरमध्ये आधीची केस लांबली आणि नंबर अकराला लागला, तर तो डोस वाया गेला असं समजावं. म्हणून हे इंजेक्शन वॉर्डात न देता थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाच्या हातून दिलेलं बरं. ऑपरेशन लांबलं, साधारण चार तासांवर गेलं किंवा रक्तस्राव खूप झाला, तर सेफॅझोलिनचा डोस पुन्हा द्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची जी तपासणी-यादी आणली, तिच्यात हा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे: गेल्या ६० मिनिटांत प्रतिबंधक अँटिबायोटिक दिलं का? ही यादी घडवणाऱ्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, आणि अमेरिकेत ओहायो राज्यात आयुष्यभर युरॉलॉजिस्ट म्हणून काम केलेले. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचं १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या रुग्णालयात ही यादी वापरतात का, हे ऑपरेशनआधीच्या भेटीत विचारायला काहीच हरकत नाही. ‘डॉक्टर, अँटिबायोटिकचं इंजेक्शन थिएटरमध्येच द्याल ना?’ एवढं साधं विचारलं तरी पुरतं, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं लहानपणापासून ऐकत आला असाल, तर नेमकं काय झालं होतं ते आठवून सांगा. अंगावर गांध्या उठल्या, श्वास अडकला, घसा सुजला, की नुसती मळमळ झाली? ॲलर्जीचा शिक्का असलेल्या बहुसंख्य लोकांना तपासल्यावर खरी ॲलर्जी निघत नाही. त्या शिक्क्यामुळे मात्र त्यांना कमी गुणकारी औषधावर समाधान मानावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदयाची कृत्रिम झडप, स्टेरॉइड हेही न विसरता सांगायचं. रक्तातलं क्रिएटिनीन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर जेंटामायसिनसारखं औषध द्यायचं की नाही, हे त्यावरच ठरतं.

औषधाखेरीजच्या गोष्टी झटपट सांगतो. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणानं आंघोळ करा. घरी वस्तऱ्यानं केस काढू नका, सूक्ष्म जखमांतून जंतू शिरतात. काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरनं काढतात. साखर आटोक्यात आणा. विडी-सिगारेट बंद करा.

कुठे डोस लागतो, कुठे नाही

प्रत्येक दुर्बिणीला अँटिबायोटिक लागतं हा समज चुकीचा आहे. लघवीत जंतू नसतील आणि रुग्णाला खास धोका नसेल, तर नुसती मूत्राशयाची पिशवी पाहण्याची दुर्बीण, लघवीच्या दाबाची युरोडायनॅमिक तपासणी, किंवा बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडणं यासाठी युरोपची मार्गदर्शक तत्त्वं प्रतिबंधक औषध द्यायला सांगत नाहीत. मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून लेझरनं खडा फोडणं, पाठीतून छिद्र करून खडा काढणं, दुर्बिणीनं प्रोस्टेट खरवडणं, इथे डोस लागतो. पिशवीतली गाठ दुर्बिणीनं काढताना तो जास्त जोखमीच्या रुग्णांना देतात.

प्रोस्टेटच्या बायॉप्सीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. वर्षानुवर्षं ही बायॉप्सी गुदद्वारातून सुई घालून होत आली. सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, म्हणजे आतड्यातले जंतू बरोबर घेऊनच प्रोस्टेटमध्ये शिरते. त्यावर उपाय म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या देत. भारतात या औषधाला आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मोठ्या प्रमाणावर बधत नाही. आयसीएमआरच्या निगराणी जाळ्यात तपासलेल्या ई. कोलायच्या निम्म्याहून कितीतरी जास्त नमुन्यांवर ते चालत नाही. युरोपनं तर २०१९ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाची औषधं प्रतिबंधासाठी वापरायला मनाई केली, कारण स्नायुबंध फाटणं, नसांना इजा होणं असे त्यांचे दुष्परिणाम दीर्घकाळ टिकू शकतात. आता मार्गदर्शक तत्त्वांचा कल वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून सुई घालण्याकडे आहे. ही कातडी नीट निर्जंतुक करता येते, त्यामुळे संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. तुमच्या शहरात ती सोय असेल तर आग्रह धरा. नसेल आणि जुन्याच वाटेनं करावी लागली, तर आधी गुदाशय पोव्हिडोन आयोडीननं धुणार का, हे विचारा. माझ्या मते वडिलांची बायॉप्सी ठरली असेल तर मुलांनी डॉक्टरांशी सगळ्यात आधी हेच बोलावं. कॅन्सरच्या धास्तीत हा विषय मागे पडतो.

मग थांबायचं

ऑपरेशन झालं, कल्चर आधीच स्वच्छ होतं, ताप नाही. तरी डिस्चार्जच्या कागदावर सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या येतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की गोळ्या नसल्या तर नातेवाईकच अस्वस्थ होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शिकेत प्रतिबंधक औषध ऑपरेशननंतर लांबवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकन युरॉलॉजिस्टांचीही शिफारस बहुतेक ऑपरेशनांना एका डोसची आणि जास्तीत जास्त २४ तासांची आहे.

संसर्ग वाढेल ही भीती सर्जनला असते, ती मी समजू शकतो. रुग्ण संसर्ग घेऊन परत आला तर तोंड सर्जनलाच द्यावं लागतं. पण औषध वेळेत थांबवणं करून पाहिलेलं आहे. इटलीत ट्रेंटोच्या युरॉलॉजी विभागानं युरोपची तत्त्वं काटेकोर पाळायची ठरवली आणि साडेतीन हजारांवर ऑपरेशनांचा अनुभव २०१६ मध्ये मांडला. अँटिबायोटिकचा वापर घटला, खर्च घटला, संसर्ग लक्षणीय वाढला नाही, आणि ई. कोलाय काही औषधांना पुन्हा जास्त बधू लागला. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण वाढलेला प्रतिकार मागे हटतानाची उदाहरणं फार थोडी आहेत.

जास्तीच्या गोळ्यांची किंमत रुग्णही मोजतो. जुलाब, क्वचित आतड्याचा गंभीर संसर्ग, मधुमेहींत साखरेची चढउतार, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांत रक्तस्राव. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा खडा झाला तर तेव्हाचे जंतू आजच्या गोळ्यांना सरावलेले असतात.

‘कोर्स अर्धा सोडू नका’ ही शिकवण आपल्या मनात पक्की आहे. संसर्ग झालेला असताना डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यायचंच, पण प्रतिबंधासाठीचा कोर्स थिएटरमध्येच पूर्ण झालेला असतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी विचारा, ‘या गोळ्या कशासाठी आहेत? माझ्या कल्चरमध्ये जंतू निघाले होते का? किती दिवसांनी थांबवू?’ उत्तर ‘उपचारासाठी’ असं आलं, तर नेमानं घ्या. ‘खबरदारी म्हणून’ असं आलं, तर त्या लागतीलच का, हे तिथेच बोलून घ्या. परस्पर बंद करू नका. मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं वाढवूही नका. अशा बऱ्याच औषधांना २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे आणि चिठ्ठीशिवाय ती विकायला बंदी आहे.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, थंडी वाजून आली, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालू लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात न्या. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. वृद्धांना कधी ताप येतच नाही, नुसती गुंगी येते, हे ध्यानात असू द्या. तिथे पोचल्यावर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतात, पण त्यासाठी औषधाला उशीर होऊ देत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी खड्याचा तुकडा कल्चरला पाठवला असेल तर तोही रिपोर्ट मागा. मूत्राशयातल्या लघवीत न सापडलेला जंतू खड्यात सापडतो, असं बऱ्याचदा घडतं.

आत डीजे स्टेंट असेल तर लघवीला वारंवार जावं लागणं, लघवी करताना कमरेत कळ येणं, हालचाल झाल्यावर लघवी लालसर होणं, हे सगळं स्टेंटमुळे होतं. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पाणी भरपूर प्या, कळ कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात. स्टेंट आहे तितके दिवस रोज अँटिबायोटिक घेण्याचीही गरज नसते.

लघवीची नळी असेल तर तिला जोडलेली लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. जोड उगाच उघडू नका. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत काही दिवसांत जंतू येतातच. नळी नुसती आहे म्हणून, लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो म्हणून कल्चर करू नका. ताप आला तर मात्र करा, आणि नमुना पिशवीतून न घेता नळीच्या पोर्टमधून घ्यायला सांगा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्यायला सांगा.

स्टेंट कधी काढायचा ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाका. विसरलेल्या स्टेंटवर क्षार चढतात, त्यात जंतू घर करतात, आणि तो काढायला मग मूळ ऑपरेशनपेक्षा मोठं ऑपरेशन लागतं. तारीख जवळ आली की काढण्याआधी कल्चर लागणार का, हे फोनवर विचारून ठेवा. लागणार असेल तर नमुना तीन-चार दिवस आधी द्या, म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन जाता येईल.